कुमारवयीन वाचक, ‘शाळा’ आणि बंदीचा प्रश्न

प्रौढ आशयाच्या कुमारवयीन कादंबऱ्यांवर शाळांनी बंदी घालावी काय, हा प्रश्न मराठीच्या संदर्भात मांडताना प्रारंभीच एक अडचण उभी राहते. अशी कादंबरी स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ज्याचा नायक, ते आपले कुमारसाहित्य प्रामुख्याने साहसाचे. देहाचे भान, वर्गातील मुलीविषयीची ओढ हे विषय त्याच्या कक्षेबाहेर राहिले. परिणामी वाचक तेथून एकदम प्रौढांच्या कादंबरीत येऊन पोहोचतो.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नेमकी या सीमारेषेवर उभी आहे. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी तिचा निवेदक. शिरोडकर या वर्गातील मुलीविषयी त्याला वाटणारी ओढ आणि मित्रांची मोकळी, प्रसंगी शिवराळ बोली ही या कादंबरीची मूळ सामग्री. ती प्रौढ वाचकांपुढे आली. अनुभव मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा. घाटकोपर किंवा बोरिवलीच्या एखाद्या शाळेतील नववीच्या मुलाने ती ग्रंथालयात मागितली, तर काय करावे? आक्षेप घेणारा पालक बोलीतील चार शब्दांवर बोट ठेवील. ते शब्द त्याच्या मुलाने मधल्या सुट्टीत केव्हाच ऐकलेले असतात, हे निराळे.

वेचक ओळींवरून संपूर्ण कृतीचा निवाडा करता येतो काय, हा प्रश्न मराठीत पूर्वीच न्यायालयापर्यंत गेला होता. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेला उच्च न्यायालयाने अश्लील ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो निर्णय फिरविला. कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची नसली, तरी तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. कुमारवयीनांच्या हाती प्रेम आणि कामविषयक आशयाचे पुष्कळ वाङ्मय आधीच उपलब्ध आहे, याचीही न्यायालयाने दखल घेतली.

अर्थात कायद्याने निर्दोष ठरलेले प्रत्येक पुस्तक शाळेने घेतलेच पाहिजे, असे नाही. निवड करणे हे शाळेचे कामच आहे, आणि पाचवीच्या वर्गाला ‘शाळा’ देण्याचा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु न निवडणे आणि निवडलेले काढून घेणे यांत मोठे अंतर आहे. २०१० साली मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ बी. ए. च्या इंग्रजी अभ्यासक्रमातून वर्ष सुरू असताना वगळली. तेथे विद्यार्थी महाविद्यालयीन होते आणि आक्षेप शिवसेना व मराठी माणसांविषयीच्या उल्लेखांना होता. तरीही वर्गात कादंबरी शिकवीत असलेल्या अध्यापकाची जी कोंडी झाली, ती शाळेतील शिक्षकालाही परकी नाही. आदल्या दिवसापर्यंत जे वाङ्मय म्हणून शिकविले, ते दुसऱ्या दिवशी अपराध कसे झाले, हे विद्यार्थ्यांना त्यानेच सांगायचे असते.

शाळेत बहुधा अशी जाहीर बंदी घालावी लागत नाही. पाठ्यपुस्तकातील वेचा सोयीच्या जागी कापला जातो आणि ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांना सक्तीने वाचावयाचे पुस्तक आणि मागेल त्याला मिळणारे पुस्तक यांना एकच कसोटी लावणे हीच मूळ चूक आहे. पहिल्यासाठी पालकांच्या आक्षेपाचा विचार व्हावा. दुसऱ्याबाबत तो आपल्या पाल्यापुरता मान्य करावा, वर्गातील उरलेल्या मुलांपुरता नव्हे.