दगडाची अंडी

कोंबडीचे अंडे फोडले, तर आत बलक निघतो. पण हातोडी मारली तरी फुटत नाही, असं अंडं तुम्ही पाहिलंय का? आम्ही पाहिले. एक नव्हे, पुष्कळ पाहिली.

गुजरातमध्ये महीसागर जिल्ह्यात बालासिनोर नावाचे गाव आहे. अहमदाबादेहून तिकडे मोटारीने जाता येते. बालासिनोरजवळ रैयोली हे खेडे आहे. रैयोलीचा माळ आपल्याकडच्या माळासारखाच. दगड, गवत, काटेरी झुडपे. नीट पाहावे तेव्हा खडकात गोल गोल वर्तुळे दिसतात. नारळाएवढी एकेक. तीच अंडी!

ही अंडी कोणाची? डायनासोर नावाच्या प्राण्यांची. सुमारे 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी ते इथे राहत होते. तेव्हा माणूस नव्हता, गायबैल नव्हते. काही डायनासोर पाला खाणारे होते. त्यांची मान लांब, शेपूट लांब आणि अंग हत्तीहून कितीतरी मोठे. एवढ्या थोरल्या प्राण्याचे अंडे मात्र वीतभरही नाही! आम्हांला याचेच फार नवल वाटले.

मादी मऊ जमिनीत खळगा करी, त्यात अंडी घाली आणि वर माती लोटी. कोकणच्या किनाऱ्यावर कासवी घालते ना, तशीच. बहुतेक अंड्यांतून पिले निघाली असतील. काही अंडी चिखलात गाडली गेली. जमिनीतले चुन्याचे पाणी त्यांत झिरपले. चुना आत साचत गेला आणि हळूहळू अंड्याचा दगड झाला.

गावच्या लोकांना हे कसे कळावे? गोल, जड, हातात बसणारा गोटा. जवळच्या एका खेड्यात एक बाई अशा गोट्याने मसाला वाटीत होती. बालासिनोरच्या जुन्या संस्थानिक घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी तो ओळखला. ते डायनासोरचे अंडे होते. आलियाबाई कित्येक वर्षे हा माळ लोकांना दाखवीत आल्या आहेत. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात तर शेतकरी असे गोटे शेताचा राखणदार देव म्हणून पुजत आले. आम्ही त्यांना हसणार नाही. गोटा वेगळा आहे, एवढे त्यांनी ओळखलेच होते.

पण गोटा जागेवरून हलला की त्याची अर्धी हकिकत जाते. ते कसे, पाहा.

गुजरातमध्येच धोळी डुंगरी गावाजवळ धनंजय मोहबे यांना डायनासोरचे एक घरटे सापडले. मोहबे हे भूशास्त्रज्ञ, नागपूरला काम केलेले. त्यांनी अंडी सुटी केली नाहीत. भोवतालच्या खडकासकट जपली. तीन अंडी होती, जवळ पिलाची हाडे होती. 1987 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. पुढे 2001 साली जेफ्री विल्सन हे अमेरिकेचे शास्त्रज्ञ तो खडक पाहत होते. त्यांना काही हाडे निराळी वाटली. ती होती सापाची! साडेतीन मीटरचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला होता. अंडे गिळण्याएवढा त्याचा जबडा उघडत नसे. बाहेर आलेले पिलू धरायला तो आला असणार. तेवढ्यात चिखलवाळूचा लोंढा आला असावा. साप, पिलू, अंडी, सारे जागच्या जागी गाडले गेले. 2010 साली ही गोष्ट जगापुढे आली. कोणी अंडे उचकटून घरी नेले असते, तर सापाची हाडे खडीत गेली असती.

रैयोलीला 2019 साली संग्रहालय उघडले. तिथे राजासॉरसची माहिती मिळते. हा मांस खाणारा डायनासोर, डोक्यावर शिंग असलेला. त्याची हाडे याच माळावर सापडली. संग्रहालय छान आहे, मुलांना आवडते. पण आमचे मत विचाराल तर आधी माळ बघावा. खडकाला हात लावून बघा, पण खिशात काही घालू नका.

गुजरात लांब वाटते? मग चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा गाव आहे. तिथल्या शेतांत डायनासोरचे शेण मिळते, दगड झालेले. शास्त्रज्ञांनी ते तपासले. त्यात गवताचे बारीक कण निघाले. डायनासोरच्या काळी गवत होते की नाही, याची पूर्वी शंका होती. 2005 साली ती या शेणाने मिटवली.