छोट्या पागेचे गणित : न घाबरवता घोडा घडवणे

१. प्रस्तावना

म्हैसूरच्या दसऱ्यात जंबू सवारीच्या दिवशी २१ तोफांची सलामी दिली जाते. मिरवणुकीत हत्तींबरोबर अश्वारोही पोलिसांचे घोडेही असतात. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. आयत्या वेळी तो बुजू नये म्हणून दसऱ्याच्या आधीच हत्ती-घोड्यांसमोर तोफा उडवून सराव घेतला जातो. आवाज झाला तरी आपल्याला काही होत नाही, हे जनावराला अनुभवातूनच कळावे लागते.

मी अभियांत्रिकी शिकवतो. त्यामुळे या सरावाकडे पाहताना मला एक प्रश्न पडतो : समजा, तुम्हाला घोड्यांची पैदास करणारी छोटी पागा चालवायची आहे आणि चाबकाचा धाक वापरायचा नाही, तर पागा किती मोठी असावी? याचे उत्तर जमिनीवर अवलंबून असेल, असे आपल्याला वाटते. ते खरे कशावर अवलंबून असते, ते या पाठात पाहू.

२. घोडा काय शिकतो?

शिंगराला मोरखी घालून दोर हलकेच पुढे ओढा. त्याने एक पाऊल टाकताच दोर सैल सोडा. काही वेळा असे झाले की हलका ताण मिळताच ते चालू लागते. येथे ताणाने फक्त प्रश्न विचारला. उत्तर बरोबर आले हे दोर सैल होण्याने सांगितले. म्हणजे शिकवतो तो ताण सुटण्याचा क्षण.

आता उलटे पाहा. शिंगराने मागे हिसका दिला आणि घाबरून तुम्ही दोर सोडला. त्यालाही उत्तर मिळाले : हिसका दिला की सुटका होते. पुढच्या वेळी ते आणखी जोरात ओढेल. आपण त्याला 'हट्टी' म्हणतो, पण तो धडा आपणच दिलेला असतो.

नियंत्रण प्रणालीच्या भाषेत हे प्रतिपोषणाचे वर्तुळ आहे. प्रतिसाद उशिरा पोहोचला की प्रणाली डळमळते. येथेही दोर दोन-तीन सेकंद उशिरा सुटला, तर तोवर शिंगरू दुसरेच काही करत असते आणि बक्षीस त्या कृतीला मिळते. चाबकाची अडचण हीच आहे. मार चुकीनंतर बसतो, भीती मात्र माणसाला चिकटते. ग्रीक लेखक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले आहे की घोड्याशी रागाच्या भरात वागू नये.

३. शिंगरापेक्षा आधी आई

घोडी साधारण ३४० दिवस गाभण असते. व्यायल्यावर तासाभरात शिंगराने उभे राहावे, दोन तासांत प्यावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. यात उशीर झाला तर पशुवैद्यांना बोलवावे. पहिल्या काही तासांतला चीक चुकवू नये. रोगांपासून संरक्षण त्यातूनच मिळते.

मग शिंगराला हाताळायला कधी सुरुवात करावी? फ्रान्समधील संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी शिंगरांना हातही लावला नाही. व्यायल्यानंतरचे पहिले पाच दिवस रोज १५ मिनिटे फक्त घोडीला हळुवार खरारा केला आणि हाताने खाऊ घातले. त्या घोड्यांची शिंगरे पुढे माणसाला लवकर जवळ येऊ देऊ लागली. आई निवांत उभी आहे, हे पाहून शिंगरू शिकते. म्हणून पागेतली पहिली विद्यार्थिनी घोडी असते.

४. पागेचे गणित

तुमच्याकडे तीन घोड्या आहेत आणि प्रत्येकीला वर्षाला एक शिंगरू होते, असे धरू. ही कमाल मर्यादा आहे. शिंगरू चार वर्षांचे, स्वाराला घेण्याजोगे झाल्यावरच विकायचे ठरवले. रांगांच्या अभ्यासातील लिटलचा नियम सांगतो :

सरासरी संख्या = येण्याचा दर × राहण्याचा काळ = ३ × ४ = १२

आणि तीन घोड्या मिळून १५ जनावरे. म्हणजे 'तीन घोड्यांची पागा' काही वर्षांत पंधरांची होते. पहिली विक्री घोडी गाभण राहिल्यापासून जवळपास पाच वर्षांनी.

वैरण पाहा. घोड्याला रोज वजनाच्या किमान दीड टक्का सुकी वैरण लागते. ४०० किलोच्या घोड्याला ६ किलो. लहान शिंगरे कमी खातात. तरी सोयीसाठी सर्वांना तेवढीच धरली तर रोज ९० किलो, वर्षाला सुमारे ३३ टन. चंदी, नालबंदी, लसी वेगळ्या.

वैरण विकत मिळते; वेळ मिळत नाही. प्रत्येक जनावराला रोज १५ मिनिटे शांतपणे हाताळायचे तर १५ × १५ = २२५ मिनिटे, म्हणजे पावणेचार तास. शेण काढणे, पाणी, खरारा त्यानंतर. एका माणसाची मर्यादा येथे संपते. चौथी घोडी घेतली की जनावरे वीस होतात आणि वेळ पाच तासांवर जातो. मग हात घाईला येतो, दोर चुकीच्या क्षणी सुटतो आणि माणूस काठीकडे वळतो. बहुतेक वेळा क्रूरपणा स्वभावातून नव्हे, तर अशा वेळेच्या तुटीतून येतो.

तुमकूरु जिल्ह्यातील कुणिगलचा अश्वपैदास फार्म टिपू सुलतानाच्या काळापासूनचा. तेथे शेकडो एकर जमीन आहे. तशा फार्मचे प्रमाण छोट्या पागेला लावू नये.

५. सारांश

पागेचा आकार जमिनीवरून न ठरवता निवांत हातांच्या तासांवरून ठरवा. तास कमी असतील तर दोन मार्ग आहेत : घोड्या कमी ठेवा किंवा शिंगरे दूध सुटल्यावर, सहाव्या महिन्यात विका. भाव कमी मिळेल, पण शिंगरू न बुजलेले जाईल. बुजलेला घोडा पुढे ज्याच्या हाती पडतो, त्याचे हाडही मोडू शकते.

स्वाध्याय

१. शिंगरे सहाव्या महिन्यात विकली, तर तीन घोड्यांच्या पागेत सरासरी किती जनावरे असतील? रोजचा हाताळणीचा वेळ काढा.

२. शिंगरू पाय उचलू देत नाही. ताण केव्हा द्याल आणि नेमका कोणत्या क्षणी सोडाल, ते टप्प्याटप्प्याने लिहा.