स्नायुभार आणि आयुर्मान

वाळवा तालुक्यातील आष्टा आणि त्याच्या भोवतीचा कृष्णा-वारणाकाठचा मुलूख उसासाठी जसा प्रसिद्ध आहे, तसाच मल्लांसाठीही. याच सांगली जिल्ह्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले. अशा प्रदेशात पिळदार शरीर म्हणजेच आरोग्य, असे मानले जावे हे स्वाभाविक आहे. तथापि, तालीम सुटली की पैलवानाचे शरीर त्याच्यावरच उलटते, अशी समजूतही तितकीच रूढ आहे. या परस्परविरोधी समजुतींत तथ्य किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथमतः एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १९५९ सालचे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे २०२० साली आणि १९६० सालचे हिंदकेसरी आंदळकर २०१८ साली निवर्तले. दोघांनीही वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. उलटपक्षी, १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव १९८४ साली साठीपूर्वीच गेले. परंतु त्यांचा मृत्यू अपघाती होता. अशा निवडक नावांवरून कोणताही पक्ष सिद्ध होत नाही. त्यासाठी मोठ्या जनसमूहाचे दीर्घकालीन निरीक्षणच हवे.

स्नायू हे केवळ हालचालीचे साधन नव्हे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या ग्लुकोजचा मोठा वाटा इन्शुलिनच्या प्रभावाने स्नायूंत शोषला जातो व तेथे साठविला जातो. तसेच दीर्घ आजारात किंवा शस्त्रक्रियेनंतर शरीरास लागणारी प्रथिनांची गंगाजळीही स्नायूंतच असते. म्हणून स्नायूंची उणीव ही चयापचयाची उणीव ठरते.

ही उणीव आपल्याकडे जन्मापासूनच असू शकते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. मात्र पुण्याकडील बालकांत स्नायूंची जितकी कमतरता होती, तितकी त्वचेखालील मेदाची नव्हती. वजनकाट्यावर कृश दिसणारे शरीर मेदाच्या प्रमाणात स्थूल असू शकते, आणि अशा शरीरास मधुमेहाचा धोका अधिक असतो.

उणीव घातक असेल, तर आधिक्य हितकर असलेच पाहिजे काय? येथे स्नायूंचा भार आणि स्नायूंची शक्ती यांत भेद करणे आवश्यक ठरते. अमेरिकेतील पिट्सबर्ग व मेम्फिस येथील ७० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे २,३०० व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मृत्यूच्या प्रमाणाशी संबंध दिसला तो शक्तीचा. निव्वळ भाराचा नव्हे. भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० प्रौढांच्या पाहणीत, २०१५ साली, असे आढळले की मुठीची पकड दर ५ किलोंनी कमी होताना मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक दिसतो. अर्थात पकड क्षीण होणे हे कित्येकदा सुप्त आजाराचे लक्षण असते, मृत्यूचे कारण नव्हे. हे विसरता कामा नये.

मल्लांच्या प्रश्नाशी सर्वांत जवळची पाहणी फिनलंडची होय. १९२० ते १९६५ या काळात त्या देशाचे प्रतिनिधित्व केलेल्या पुरुष खेळाडूंच्या या पाहणीत (१९९३) लांब पल्ल्याचे धावपटू व बर्फावरील घसरपट्टू यांचे सरासरी आयुर्मान ७५.६ वर्षे, तर कुस्तीगीर, मुष्टियोद्धे, वजन उचलणारे व फेकीचे खेळाडू यांचे ७१.५ वर्षे आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य पुरुषांचे ते ६९.९ होते. म्हणजे भारदस्त शरीराने आयुष्य घटले नाही. पण दमसास वाढविणाऱ्या खेळांइतका लाभही त्याने दिला नाही. अमेरिकन फुटबॉलच्या ३,४३९ माजी व्यावसायिक खेळाडूंत एकंदर मृत्युप्रमाण सामान्य पुरुषांहून कमी होते. परंतु खेळण्याच्या काळातच ज्यांचा देहभार-निर्देशांक ३० किंवा अधिक होता, त्यांच्यात हृदयरोग व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू इतर खेळाडूंच्या दुपटीने आढळले.

यावरून तालमीतील जुन्या समजुतीचा उलगडा होतो. जोर-बैठका चालू असताना दूध, तूप आणि बदामाचा खुराक पचतो व स्नायूंच्या कामी येतो. तिशी-पस्तिशीत लढती थांबतात. मेहनत सुटते, पण भूक आणि सवय सुटत नाही. स्नायू हळूहळू ओसरतात व त्यांची जागा मेद घेतो. वजनकाट्यावर फरक दिसत नाही, आरशातही तो उशिरा दिसतो. रक्तदाब आणि रक्तशर्करा मात्र त्याआधीच वाढू लागलेली असते. उलटते ते कमावलेले शरीर नव्हे, तर न कमावता टिकवू पाहिलेले वजन.

सारांश, पुरेशा स्नायूंची उणीव निश्चितपणे महाग पडते. पुरेशापलीकडच्या भाराने आयुष्य वाढते असा पुरावा नाही. आणि तो भार मेदासह आला असेल, तर हृदयास तो जाचक ठरतो. वयाच्या पन्नाशीनंतर स्नायुभार दरवर्षी थोडाथोडा घटतोच, शक्ती त्याहूनही वेगाने घटते. म्हणून कुस्ती सोडणाऱ्या मल्लाने खुराक आवरावा, मेहनत मात्र माफक प्रमाणात चालू ठेवावी, हा वस्तादांचा सल्ला शास्त्रास धरूनच आहे. ज्याने आखाड्यात कधी पाऊल ठेवले नाही, त्या शेतकऱ्यास वा कारकुनासही साठीनंतर आधाराशिवाय खुर्चीवरून उठता यावे, पाण्याची घागर उचलता यावी, इतकी शक्ती राखणे हेच खरे साध्य होय. दंडाचा घेर हे त्याचे माप नव्हे.