शाळेच्या आवारात मधपेटी

मधमाशी म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: खोकल्यावर आईने दिलेला चमचाभर मध आणि आग्या मोहोळ उठल्यावर झालेली पळापळ. सांगोला तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेत मधपेटी ठेवावी की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा मी या विषयाच्या मागे लागलो. मी कला शाखेचा विद्यार्थी. प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. तरीही जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

सगळ्याच माश्या पेटीत राहत नाहीत. आग्या माशी उंच झाडावर, कड्यावर किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीवर लहानसे पोळे करते. या दोघींना पेटी मानवत नाही. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या कपारीत, अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. म्हणूनच ती पेटीत सुखाने नांदते.

पेटीचे मर्म १८५१ साली लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने ओळखले. चौकटी व पेटीची भिंत यांत सुमारे आठ मिलिमीटर वाट मोकळी ठेवली, तर माश्या ती बुजवीत नाहीत. त्यामुळे हरेक चौकट सुटी उचलून पाहता येते, आणि पोळे न पिळता, पिलावाला धक्का न लावता यंत्राने मध काढता येतो.

महाराष्ट्रात या धंद्याचे माहेरघर महाबळेश्वर. तेथील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पुण्यातही १९६२ पासून मधमाशी संशोधन व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. पण महाबळेश्वरला जांभूळ, हिरडा, कारवीचे रान आहे. आपल्याकडे काय आहे?

तसे पाहिले तर आपणही अगदीच दरिद्री नाही. हिवाळ्यात तूर, करडई व सूर्यफूल फुलते. शाळूच्या कणसांवर पराग मिळतो. उन्हाळ्याच्या तोंडी कडुनिंब मोहरतो. शेवगा आहे, बाभूळ आहे. डाळिंबाचे तर मृग, हस्त व आंबे असे तीन बहार. मात्र एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि फुले आटतात. पिलावाजवळ सुमारे ३५ अंश उष्णता राखण्यासाठी माश्या पाणी आणून पंखांनी वारा घालतात. तेव्हा दाट सावली, जवळ उथळ पाणी आणि टंचाईत साखरेचा पाक एवढी सोय हवीच. नाहीतर माश्या पेटी सोडून जातात.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटर परिसरात चरते. शाळेचे कुंपण तिला ठाऊक नसते. आमच्या घरी डाळिंबाची बाग आहे. फुलकिड्यांसाठी बहारातच फवारणी करावी लागते आणि त्याच फुलांवर माशी बसते. फळधारणेला तिची मदत होते, हे शेतकरी जाणतो. पण पीक हातचे जाण्याची भीतीही खोटी नाही. वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “फवारा संध्याकाळी मारता येईल, पण सगळ्या शिवाराने ऐकायला हवं.” सारा प्रश्न या एका वाक्यात आला.

मुलांच्या सुरक्षिततेत हयगय चालणार नाही. पेटी मैदानापासून दूर, दार कुंपणाकडे, समोर उंच झुडपे; म्हणजे माश्या डोक्यावरून उडतात. पेटीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या. दोन शिक्षक तरी प्रशिक्षित हवेत. डंख झाल्यास काटा ताबडतोब काढावा. धाप लागली वा तोंड सुजले तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

म्हणून माझे मत असे की, शाळेने पेटी घाईने आणू नये. आधी वर्षभर एक वही ठेवावी. कोणत्या आठवड्यात काय फुलले, त्यावर कोणती माशी आली आणि कोणत्या शेतात कधी फवारणी झाली, हे मुलांनी लिहावे. ही मुले त्याच शेतकऱ्यांची आहेत. वहीतली गोष्ट घरी पोचेल. फवारणीची वेळ बदलण्याइतके गावाचे मन वळले, तर पेटी जरूर आणावी. न वळले, तर पेटी आणणे म्हणजे माश्यांना मरणाच्या दारी बसवणे होईल. मध किती निघाला, हा हिशेब त्यानंतरचा.