अठ्ठावीस चॅनेलांचा जुना डेस्क

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या व्हॅन नाइज भागात, गोदामांच्या गर्दीत, 1969 साली साउंड सिटी हा स्टुडिओ सुरू झाला. चार वर्षांनी मालकांनी इंग्लंडहून रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीचा 8028 हा मिक्सिंग कन्सोल मागवला. किंमत सुमारे 75 हजार डॉलर. मालकांपैकी एक, टॉम स्कीटर, यांनी त्याच काळात घेतलेलं राहतं घर 38 हजारांना पडलं होतं. म्हणजे जवळपास दोन घरांची रक्कम त्यांनी एका टेबलाएवढ्या यंत्रात घातली. त्यावर सुरुवातीलाच ‘बकिंगहॅम निक्स’ हा अल्बम झाला. त्यातलं गाणं ऐकून मिक फ्लीटवुडने बकिंगहॅम आणि निक्स या दोघा गायकांना आपल्या बँडमध्ये घेतलं. मे 1991 मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ इथेच मुद्रित झाला.

हा कन्सोल, म्हणजे स्टुडिओच्या बोलीतला ‘डेस्क’, नेमकं काय करतो? मायक्रोफोनमधून येणारा विद्युत संकेत अगदी क्षीण असतो. तो आधी वाढवायचा, मग त्याचा खर्ज, मध्य आणि तार यांचं प्रमाण हवं तसं राखायचं, आणि शेवटी अनेक संकेत एकत्र करून टेपकडे धाडायचे. साउंड सिटीच्या डेस्कमध्ये अशी अठ्ठावीस चॅनेलं आहेत आणि प्रत्येकात 1084 या क्रमांकाचं मॉड्यूल बसवलेलं आहे. मॉड्यूलच्या तोंडाशी एक ट्रान्सफॉर्मर, शेवटी दुसरा. चॅनेलं एकत्र होतात ती साध्या रेझिस्टरांमधून. त्यात आवाजाची पातळी घसरते, म्हणून ती भरून काढायला 1272 नावाचे अँप्लिफायर, आणि त्यांनाही पुन्हा स्वतःचे ट्रान्सफॉर्मर. गायकाचा आवाज टेपवर पोचेपर्यंत लोखंड-निकेलाच्या पत्र्यांवर गुंडाळलेल्या तांब्यातून असा बऱ्याच वेळा जातो. आपण ज्याला नीव्हचा भरदार आवाज म्हणतो, त्यातला मोठा वाटा या प्रवासाचा आहे.

नव्वदच्या दशकात संगणकावर ध्वनिमुद्रण येऊ लागलं आणि असे डेस्क स्टुडिओंना अडगळ वाटू लागले. त्याच वेळी त्यांतली मॉड्यूलं सुटी विकली तर चांगले पैसे येतात, हेही लोकांच्या ध्यानात आलं. कित्येक डेस्क असे फोडले गेले. एकेक मॉड्यूल लोखंडी खोक्यात बसून जगभर गेलं, मागे उरली ती रिकामी चौकट आणि कापलेल्या तारांची जुडी. मला याचं मनापासून वाईट वाटतं. सुटं मॉड्यूल आवाज छान देतं, पण डेस्कचा आवाज चॅनेलं एकत्र होतात त्या जागी, त्या 1272 मध्येही घडत असतो, आणि तो भाग विकत घ्यायला कुणी फारसं येत नाही. साउंड सिटीने मात्र आपला डेस्क तसाच राखला. 2011 मध्ये स्टुडिओचं व्यावसायिक काम थांबलं, तेव्हा निर्वाणाच्या वेळी तिथे ड्रम वाजवलेल्या डेव्ह ग्रोलने तो अखंड विकत घेतला. मग तो सोडवून, दुरुस्त करून, जवळच्याच नॉर्थरिजमधल्या स्वतःच्या स्टुडिओ 606 मध्ये उभा केला.

चाळीस-पन्नास वर्षं वापरलेला असा डेस्क नव्याने उभा करायचा तर सुरुवात वीजपुरवठ्यापासून होते. नीव्हचे हे डेस्क 24 व्होल्ट डीसीवर चालतात. सर्किट क्लास-ए जातीचं आहे, म्हणजे आवाज असो वा नसो, ते सतत जवळपास तेवढाच प्रवाह ओढत राहतं. त्यामुळे डेस्क दिवसभर गरम असतो, आणि ही उष्णताच त्याच्या म्हातारपणाचं मुख्य कारण ठरते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या डबीत ओलसर रसायन असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते सुकत जातं. मग खर्ज पातळ होतो, घुमघुम वाढते. पण हे इतकं हळूहळू होतं की रोज काम करणाऱ्याच्या कानाला कळतच नाही.

बाकावर उघडं ठेवलेलं एक मॉड्यूल पाहण्यासारखं असतं. नॉब फिरवला की खरखर येते. साहजिकच पहिला संशय धुळीवर जातो आणि कुणीतरी क्लीनरचा फवारा मारतं. चार दिवस बरे जातात, खरखर परत येते. अनुभवी तंत्रज्ञ आधी मीटर लावून पॉटवर, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवर, डीसी आहे का ते बघतो. पुष्कळदा असतो. पॉटच्या आधीचा कपॅसिटर गळका झालेला असतो आणि जिथे फक्त आवाजाचा संकेत यायला हवा तिथे स्थिर दाबही झिरपत असतो. नॉब फिरताना तोच खरखरतो. कपॅसिटर बदलला की पॉट शांत. अशी शेकडो ठिकाणं असतात, आणि प्रत्येक ठिकाणी जुना डाख शोषून घेऊन, छापील पट्टी उखडू न देता, नवा भाग बसवायचा असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या बोर्डावरची तांब्याची पट्टी जास्त उष्णता सोसत नाही. सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त टेकलं की ती सुटून वर येते.

इथेच एक मोह होतो. आज त्याच मापाच्या जागेत दुप्पट-तिप्पट क्षमतेचा कपॅसिटर मावतो. तो घातला तर खर्ज आणखी खोल जाईल असं वाटतं. पण पुढे ट्रान्सफॉर्मर बसलेला आहे. ऐकूच न येणाऱ्या अतिमंद लहरी त्याच्यापर्यंत पोचू लागल्या की त्याचा गाभा चुंबकत्वाने लवकर भरतो आणि ऐकू येणारा खर्ज गढूळ होतो. म्हणून मूळ आराखड्यातलीच क्षमता घालावी, या मतावर मी ठाम आहे.

ट्रान्सफॉर्मरला शक्यतो हातच लावायचा नसतो. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर तारांनी झिजलेली घोडी घासून जवारी पुन्हा जुळवतात, पण भोपळ्याला काही करत नाहीत. हे काम त्याच जातीचं आहे. मायक्रोफोनच्या ट्रान्सफॉर्मरची तार तुटली आहे का, हे साध्या ओहममीटरने तपासणंसुद्धा धोक्याचं असतं. मीटरचा किंचित डीसी प्रवाह त्याच्या नाजूक गाभ्यात चुंबकत्व ठेवून जाऊ शकतो आणि आवाजात विकृती येते.

ट्रान्सफॉर्मरच्या पुढचा भार बदलला तर काय होतं, याचा एक किस्सा रूपर्ट नीव्ह स्वतः सांगत. संगीत निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओसाठी बनवलेल्या डेस्कची काही चॅनेलं बीटल्सचे रेकॉर्डिस्ट जेफ एमेरिक यांना खटकत होती. मोजणीत सगळं ठीक दिसत होतं. शेवटी शोध लागला तो 54 किलोहर्ट्झवर: ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला योग्य भार जोडलेला नव्हता, त्यामुळे तिथे सुमारे 3 डेसिबलचा उंचवटा आला होता. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झपुढे ऐकत नाही असं आपण शिकतो, तरी एमेरिक यांना फरक जाणवला होता. डेस्कमध्ये बदल करणाऱ्याने हा किस्सा ध्यानात ठेवावा, कारण संकेताला एखादी नवी वाट काढताना नेमका हाच भार नकळत बदलतो.

या दिमाखदार यंत्राच्या पोटातले बरेच भाग साधे आहेत. आउटपुटला जो ट्रान्झिस्टर दिसतो तो असतो 2एन3055: धातूच्या बशीसारखा, दोन स्क्रूंनी बसवायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ज्यांनी घरी अँप्लिफायर किंवा पॉवर सप्लाय जोडला, त्यांच्या बोटांना तो ओळखीचा आहे. नीव्ह यांनी तो एकटाच, क्लास-एमध्ये, मुद्दाम फट ठेवलेल्या गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला जोडला. सतत वाहणाऱ्या डीसीने गाभा भरू नये, म्हणून ती फट. भाग बाजारातला आणि मांडणी विचारपूर्वक केलेली, यामुळेच हे डेस्क आजही दुरुस्त करता येतात.

अर्थिंगचं काम सगळ्यांत चिकाटीचं. प्रत्येक चॅनेलचं शील्ड एकाच बाजूला जोडलेलं असावं लागतं. पन्नास वर्षांत कुणी घाईने दुसरी बाजूही जोडलेली असते आणि वळसा तयार होऊन घुमघुम सुरू होते. अमेरिकेत 60 हर्ट्झची, इंग्लंडात नि आपल्याकडे 50 ची. सुताच्या दोऱ्याने बांधलेल्या जाड जुडीतून ती एक तार शोधायला कधी अख्खा दिवस जातो. पॅचबे म्हणजे जोडण्या बदलायची पट्टी; तिच्या जॅकांवर काळपट थर चढलेला असतो, तोही एकेक करून काढावा लागतो.

मग येतात फेरफार. 8028 सोळा ट्रॅकांच्या टेपच्या काळातला. आज प्रत्येक चॅनेलमधून संगणकाकडे जाणारं थेट आउटपुट हवं असतं. ते काढणं रास्तच आहे. काही जण फेडर, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारे सरकते दांडे, बदलून मोटारीवर चालणारे बसवतात, कारण जुना डेस्क काहीच लक्षात ठेवत नाही. गेन निदान 5 डेसिबलच्या खटक्यांनी फिरतो, त्यामुळे तो कागदावर उतरवता येतो. इक्वलायझरच्या वारंवारताही ठरावीक टप्प्यांच्या आहेत. पण किती वाढवलं, किती घटवलं ते नॉबच्या कलावर अवलंबून, म्हणून सत्र संपलं की रेकॉर्डिस्ट मोबाइलवर फोटो काढून ठेवतात.

फेरफाराची माझी कसोटी एकच: नव्या स्विचसाठी मूळ पत्र्याला भोक पडलं का? वेगळी पट्टी करून, जुन्याच कनेक्टरवर जोडून तेच काम होत असेल, तर पत्रा कापू नये. आणि जे केलं ते आराखड्यावर लाल शाईने, तारखेसह लिहावं. अशा डेस्कवर पुढे दुसरा तंत्रज्ञ बसणारच असतो. कागद नसेल तर कुठली तार नीव्हची आणि कुठली नंतरच्या दुरुस्तीची, हे ओळखण्यात त्याचे आठवडे जातात.

शेवटी डेस्क बंद न करता काही दिवस तसाच तापू देतात आणि प्रत्येक चॅनेलची घुमघुम, विकृती नि खर्जापासून तारापर्यंतची समता मोजतात. सगळ्या चॅनेलांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की एखादं वेगळं पडतंच. ते काढून पुन्हा बाकावर घेतात, मग पुन्हा मोजतात. नॉर्थरिजमध्ये बसल्यावर साउंड सिटीच्या डेस्कवर ‘रिअल टू रील’ हा अल्बम झाला. 2013 मध्ये तो आला आणि त्यातल्या एका गाण्यात पॉल मॅकार्टनी आहेत. रूपर्ट नीव्ह तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. ग्रोलने या डेस्कवर जो माहितीपट केला त्यात ते त्याच्यासमोर बसून आपल्या सर्किटाबद्दल बोलले. 2021 मध्ये ते गेले.