‘पेशंटबरोबर कोण आहे?’

पुण्या-मुंबईत एकट्या माणसाला भाड्याचं घर मिळवताना काय सोसावं लागतं, याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. ‘फॅमिलीलाच देणार’, ‘बॅचलर नको’ हे ऐकत ऐकत घर शेवटी मिळतं. त्याहून अवघड जागा म्हणजे रुग्णालयाचं अ‍ॅडमिशन काउंटर. अंगात ताप, हातात मेडिक्लेमचं कार्ड, आणि काचेपलीकडून प्रश्न येतो, ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ फॉर्मवर रुग्णाच्या सहीखाली आणखी एका सहीची जागा असते आणि तिच्यापुढे ‘नातं’ हा रकाना. तिथे ‘मैत्रीण’ लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘घरचं कोणी नाही का?’

बिलाची हमी हवी आणि उद्या वाद नको, म्हणून रुग्णालयं ही सही मागतात. उपचाराला मात्र सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाची स्वतःची संमती कायद्याने पुरते. नव्हे, तीच लागते. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित महिला तपासणीसाठी दाखल झाली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला की जिवाला तातडीचा धोका नव्हता. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, आईची संमती चालणार नाही. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असावा असं मला कळकळीने वाटतं.

जीव वाचवायचा असेल तेव्हा डॉक्टरांना कोणाच्या सहीसाठी थांबावं लागत नाही. प्रश्न उरतो तो मधल्या काळाचा: पक्षाघातानंतरचे दिवस, व्हेंटिलेटरवरचे आठवडे. रुग्ण बोलू शकत नाही, मग नातेवाइकांची शोधाशोध होते. अनेक वर्षांत न भेटलेला चुलतभाऊ आत जाऊन निर्णय घेतो आणि रोज डबा आणणारी मैत्रीण बाहेरच्या बाकावर बसून राहते. हा अन्याय आहे. त्याचा थोडा भाग आपण कागदावर टाळू शकतो. बरं होण्याची आशा उरली नसताना कृत्रिम उपचार चालू ठेवायचे की नाही, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आपल्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावंही त्यातच द्यायची. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याने असा प्रतिनिधी नेमता येतो, आणि तो नातेवाईक असलाच पाहिजे असं नाही.

मृत्युपत्राचा विषय निघाला की ‘एवढ्यात कशाला?’ म्हणून तो टाळला जातो. ते नसेल तर काय होतं पाहा. हिंदू वारसा कायद्यानुसार अविवाहित, निपुत्रिक पुरुषाची मालमत्ता आधी एकट्या आईकडे जाते. वडिलांचा क्रम त्यानंतरचा. अविवाहित, निपुत्रिक स्त्रीची मालमत्ता आईवडील दोघांकडे जाते. सर्वात क्रूर नियम निपुत्रिक विधवेसाठी आहे. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटवरही तिच्या आईच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क लागतो. लग्नानंतर काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, माहेरी शिकून नोकरी केलेल्या एका स्त्रीच्या कमाईबाबत २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्णय दिला. साध्या कागदावरचं मृत्युपत्र आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हे सारं बदलू शकल्या असत्या. स्टँप ड्युटी नाही, नोंदणीची सक्ती नाही. बँकेत नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारस असतो.

कागदांइतकंच अवघड असतं ते ज्याचं नाव लिहायचं त्याला विचारणं. ‘मी आयसीयूत असले तर माझ्या वतीने तू बोलशील का?’ हे मैत्रिणीला फोनवर विचारू नये, घरी बोलवून निवांत विचारावं. तिला नाही म्हणायची मोकळीक द्यावी. हो म्हणाली तर कागदपत्रांची फाइल, पॉलिसीचा नंबर आणि दाराची एक किल्ली तिच्याकडे त्याच दिवशी द्यावी.