आजीच्या तोंडी बसेल असं नाव

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत बाळाचा पाळणा हा 'पायना' असतो. ळ चा य होणं ही या बोलीची ठळक खूण. डोळा तो डोया, शाळा ती शाया, सकाळ ती सकाय. ण चा इथे सहसा न होतो, म्हणून पाणी ते पानी आणि लोणी ते लोनी. अमरावती-अकोल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा भोवती बसलेल्या आज्या, मावश्या, शेजारणी याच बोलीत वाढलेल्या असतात. आणि हल्ली कानात सांगितलं जाणारं नाव असतं हृदान, ऋत्विका, अन्वीक्षा, शौर्यांश. पत्रिकेवर ते देखणं दिसतं. पण दुसऱ्या दिवसापासून आजी 'बाळ', 'पिल्लू' म्हणून निभावून नेते, कारण नाव चुकलं तर घरातलंच कुणीतरी चारचौघांत दुरुस्त करील ही धास्ती असते. नाव अवघड असण्यात काही वाईट नाही. मात्र ज्या घरात ते दिवसातून पन्नासदा घेतलं जाणार, त्याच घराला ते घेता येऊ नये, हे मला वाईट वाटतं.

अवघड नावांचा विषय निघाला की जगभर आयर्लंडचं उदाहरण दिलं जातं. तिथलं 'नीव्ह' हे मुलीचं नाव रोमन लिपीत एन-आय-ए-एम-एच असं लिहितात. इंग्रजीच्या सवयीनं वाचणारा 'नियाम' म्हणतो आणि चुकतो. 'शिवॉन' या नावातला व तर बी आणि एच या दोन अक्षरांनी लिहिला जातो. हा कुणाचा लहरीपणा नाही. आयरिश भाषेच्या लेखनाचे स्वतःचे नियम आहेत आणि त्यांत या जोड्या व किंवा त्याच्या जवळच्या ध्वनीसाठीच येतात. तिथल्या घरात ते नाव कुणालाच जड जात नाही, जड जातं ते बाहेरच्याला. इंग्रजीखाली शतकानुशतकं दबून राहिलेली आपली भाषा निदान लेकराच्या नावात तरी जिवंत राहावी, असं तिथल्या आईबापांना वाटतं आणि त्यासाठी परक्या माणसाला दर वेळी उच्चार समजावून सांगण्याचा त्रास ते पत्करतात. आपल्याकडे गाडी उलटी चालली आहे. देवनागरीत लिहिलेलं नाव बाहेरच्याला अक्षर लावून वाचता येतं, अडखळतात ती घरचीच माणसं.

यावर कुणी म्हणेल, संस्कृत नावं वऱ्हाडाला नवी थोडीच आहेत? ज्ञानेश्वर, कृष्ण, प्रल्हाद, त्र्यंबक ही काय सोपी नावं झाली? नाहीतच. पण बोलीनं ती हातात घेऊन घासली, आपल्या मापाची केली. ज्ञानदेवाचा ग्यानबा झाला, कृष्णाचा किसन झाला. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीतल्या नायिकेचं नाव कौतिक. मूळ शब्द कौतुक, पण वऱ्हाडी बाईला शोभतं ते कौतिकच. अमरावती जिल्ह्यातलं ऋद्धिपूर लोकांच्या तोंडी रिद्धपूर झालं आणि आज तिथल्या मराठी भाषा विद्यापीठाच्या पाटीवरही रिद्धपूरच आहे. रिद्धपूर ज्यांचं तीर्थस्थान, त्या महानुभाव पंथाच्या परंपरेतला 'स्मृतिस्थळ' हा ग्रंथ एक प्रसंग सांगतो. पंथातले केशोबास संस्कृतात रचना करायला निघाले, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं, कारण तसं झालं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. सुमारे सातशे वर्षांपूर्वी ग्रंथ कोणत्या भाषेत लिहावा हे ठरवताना म्हातारीचा विचार झाला होता. नातवाचं नाव ठरवताना तो व्हायला काय हरकत आहे?

जुनी नावं रुळली आणि नवी रुळत नाहीत, याचं कारण जोडाक्षरांत शोधून सापडायचं नाही. प्रल्हादाची गोष्ट कीर्तनात, भजनात हजारदा ऐकलेली होती. नाव कानात आधी मुरलं, मग जिभेवर आलं, आणि त्याचा 'परल्हाद' झाला तरी कुणी हटकलं नाही. आजचं नाव यादीतून निवडलेलं असतं. त्याला गोष्ट नसते, अर्थ चटकन सांगता येत नाही, आणि वर ते 'शुद्ध'च म्हटलं पाहिजे असा आग्रह असतो. तो आग्रह मला नावापेक्षाही जाचक वाटतो. अर्णवला आजीनं 'अर्नव' म्हटलं, श्रावणीला 'श्रावनी' म्हटलं, तर ती चूक नव्हे, ते त्या नावाचं वऱ्हाडी रूप आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो घाईनं उडवून लावता येणार नाही. 'साधी नावं ठेवा' हा सल्ला ज्यांना पिढ्यान् पिढ्या मिळाला, त्यांच्यासाठी तो अपमान होता. शूद्राचं नाव तिरस्कार दाखवणारं असावं, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे. कचरू, धोंडू, दगडू या नावांमागे मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये ही आईची तळमळही असे, पण नाव ज्याचं होतं त्याला ते जन्मभर वागवावं लागे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा ही नावं आली. ती आली हे फार चांगलं झालं, आणि त्यांत जोडाक्षर आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये. पण ती रुजली कशी तेही पाहायला हवं. यशोधरा कोण होती हे आईला ठाऊक होतं, ते नाव वस्तीतल्या वंदनेत, गीतात, जयंतीच्या भाषणात ऐकू येत होतं. सन्मान त्या अर्थातून आला, उच्चाराच्या अवघडपणातून आला नाही. डेबूजी जानोरकर यांना तर लोकांनी त्यांच्या हातातल्या गाडग्यावरून गाडगेबाबा म्हटलं, आणि आज अमरावतीचं विद्यापीठ त्याच नावानं ओळखलं जातं.

'मुलं पुढे पुण्याला, परदेशी जातील, आजीच्या उच्चारावर कुठे अडून बसायचं?' असंही म्हटलं जातं. पण ही नावं बाहेरही सुखाची नसतात. ज्ञ आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाले 'ग्य' म्हणतात. प्रज्ञाचं स्पेलिंग आपण डी-एन-वाय-ए घालून करतो आणि ते पाहून दिल्लीचा माणूस थबकतो. ऋ आपल्याकडे रु, हिंदीत रि, म्हणून एकाच ऋतुजाची दोन स्पेलिंगं होतात. हृषीकेश आणि ऋषिकेश यांचा गोंधळ तर मराठीतच मिटलेला नाही. प्रज्ञा किंवा ऋतुजा यांच्यामागे निदान अर्थ उभा आहे, त्यासाठी एवढी खटपट करावी. नुसतं वेगळेपण हवं म्हणून ती लेकराच्या गळ्यात कशाला? वर्गात दुसरं कुणी त्या नावाचं नसावं ही हौस मी समजू शकतो, पण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शासकीय कागदांवर आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव येतं. एवढ्या नावांत तो हरवायचा नाही.

नाव पक्कं करायला घाईही नसते. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण नाव रिकामं ठेवून नोंद करता येते आणि १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क भरता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच धरला जातो, म्हणून त्यावरचं अक्षर नि अक्षर नीट तपासून घ्यावं. मधल्या महिन्यांत मनातल्या नावानं बाळाला घरात हाक मारत राहावं. अंगणातून, न्हाणीतून, रडं थांबवताना आजी त्या नावाचं काय करते, ते तोवर ऐकू आलेलं असतं.